न धुतलेलं पान

मास्तर रोज सकाळी कोबीचं एक पान खायचे. कच्चं, न धुतलेलं. कुंड्यांच्या ओळींमधनं चालत यायचे, मध्येच थांबायचे, मान दुसरीकडे वळवायचे नि न बघता हात घालायचे, ज्या कुंडीला हात लागेल तिचं एक पान तोडून तोंडात. शोभेचा कोबी कडसर लागतो, मी खाऊन बघितलाय, पण मास्तर असे चावायचे जसं कुणी पेढा दिलाय. चावून झालं की बोलायचे, "लाईन क्लिअर." मग आमचा दिवस सुरू.

शाळेतले मास्तर नाय हे, स्टेशनातले. सगळी नोकरी रेल्वेत गेली. रिटायर झाल्यावर डहाणूजवळच्या आमच्या कैनाडला अर्धा एकर घेतला, दोन खोल्या बांधल्या नि एकटेच राहायला आले. बायको आधीच वारलेली, एक मुलगी, ती वापीला. पाड्यातल्या लोकांना वाटलं हे चिकू लावतील, नायतर मिरची. त्यांनी लावला कोबी, तोपण न खायचा. गड्डा धरतच नाय, फुलासारखा उघडा राहतो, मधून जांभळा, कुठे गुलाबी, कुठे दुधासारखा पांढरा. हॉटेलात नि लग्नाच्या मांडवात ठेवतात कुंड्या. माझी सासू कुंपणावरनं बघून बोलली, "खायचा नाय तर कोबी कशाला बोलायचं त्याला?" मास्तर बोलले, "मावशी, मोर आपण खातो का? तरी पक्षीच ना तो!" सासू आठ दिवस ते सगळ्यांना सांगत फिरली.

मी घाबरट आहे. आधी नव्हती, पोरगी झाल्यावर झाली. विहिरीला घाबरते, कुत्र्याला, ट्रॅक्टर मागे येताना त्याला, पोरगी जास्त वेळ झोपली तर त्याला, नि झोपलीच नाय तर त्यालापण. पण सगळ्यात जास्त औषधाला. फवारणीच्या. मी आधी ढोबळी मिरचीच्या नेटमध्ये कामाला जायची, मोठंच्या मोठं जाळीचं शेड, आत मिरची, नि पोरीची झोळी बाहेर बांबूला. एके दिवशी आत औषधाचा पंप चालू होता नि वारा फिरला. संध्याकाळी पोरगी ओकायला लागली, छाती घरघर करायला लागली. दवाखान्यात नेली, बरी झाली. मी विचारलं फवारणीमुळे का, डॉक्टर बोलले, असेल, नसेलपण. ते "नसेलपण" माझ्या डोक्यात राहिलंच नाय, "असेल" राहिलं. दुसऱ्या दिवसापासनं मी गेलीच नाय. नवरा तिथेच पंप मारायला होता, तो बोलला, "मग खाणार काय? पोरीला घरी ठेव आईकडे." पण सासू स्वतः मजुरीला जाते, ती तरी कुठे ठेवणार.

तेव्हा कुणीतरी बोललं, तो येडा मास्तर औषध मारत नाय.

मी गेली, पोरगी कडेवर. पहिलं हेच विचारलं, "तुमच्याकडे काय फवारतात?" मास्तर बोलले, "पाणी. नि कधीकधी लिंबोळीचा काढा. तो मी आधी माझ्या टकलावर मारून बघतो." मला हसायलापण येईना, एवढी मी घाबरलेली. मग त्यांनी पोरीकडे बघितलं नि बोलले, "या इन्स्पेक्टर मॅडम रोज येणार का?" त्या दिवसापासनं पोरगी इन्स्पेक्टर झाली. नि मला ते "तुम्ही" बोलायचे. माझ्या जन्मात मला तुम्ही बोलणारा पहिला माणूस.

काम काय, तर पानं बघायची. प्रत्येक कुंडीचं प्रत्येक पान उलटं करून. हा कोबी विकला जातो तो पानांवर, पानाला भोक पडलं की गेली कुंडी. नि अळी असते पानाच्या मागे, हिरवीगार, नखाएवढी. हात लावला की मागे मागे सरकते नि तोंडातनं धागा सोडून खाली लोंबते. ती पानाला आरपार खात नाय सुरुवातीला, वरची पातळ कातडी ठेवते, त्यातनं उजेड दिसतो. मास्तर त्याला खिडकी बोलायचे. "बाई, तिसऱ्या ओळीत कुणीतरी खिडकीपाशी बसून प्रवास करतंय, उतरवा त्याला." उतरवायचं म्हणजे साबणाच्या पाण्यात.

एक ओळ संपली की ओळीच्या टोकाला उभं राहून नंबर द्यायचा. हे मला आधी कळलंच नाय. मास्तर बोलले, दोन स्टेशनं गाडी सोडायच्या आधी फोनवर एकमेकांना नंबर देतात, दर वेळी वेगळा, म्हणजे कळतं की समोरचा माणूस जागा आहे, नुसता हो हो करत नाय. "बघितलं असं नाही सांगायचं. नंबर द्या." मी सातवी नापास, नंबर बोललं की छातीत धडधड. मी बोलायची सत्तावीस. रोज सत्तावीस. "परवापण सत्तावीस," मास्तर ओरडायचे, "बाई, सत्तावीसवर सत्तावीस आपटेल!" मग मी एसटीचे नंबर द्यायला लागली, कुणाच्या मोटारसायकलचे, लसीच्या कार्डावरचे. घाबरत घाबरत मला नव्वदपर्यंतचे सगळे तोंडपाठ झाले.

कुंड्यांच्या दोन्ही अंगाला त्यांनी मोहरी पेरलेली. मोहरीवर अळ्याच अळ्या, नि तिला हात लावायचा नाय. मला वाटलं हा माणूस खरंच येडा आहे, अळी मारायचीपण नि पोसायचीपण. मास्तर बोलले, "मोहरी म्हणजे लूप लाईन. मालगाडीला अडवत बसायचं नाही. बाजूच्या लाईनीवर घ्यायची, पोटभर उभी राहू दे. मेन लाईन मोकळी." ही अळी ज्याची, त्या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते, तो तिकडे जातो, असं. शेजारीण राईची भाजी न्यायला आली तर तिला बोलले, "नाही मिळणार, पॅसेंजर बसलेत."

नि ते बर्फाचं. त्या वर्षी डिसेंबर लागला तरी रात्री उकडतच होतं. थंडी पडल्याशिवाय या कोबीत रंग भरत नाय, सगळे हिरवेच्या हिरवे. मास्तरांनी काय करावं, डहाणूहून मासळीवाल्यांचा बर्फ आणला, रिक्षात, दोन लाद्या. तो फोडून कुंड्यांच्या मध्ये घमेल्यांत ठेवला नि वरनं ओले गोणपाट. नरपडची मासळीवाली टोपली घेऊन चाललेली, ती थांबली. "मास्तर, कोबी हाय का पापलेट?" मास्तर शांतपणे बोलले, "पापलेटला रंग चढवायचा नसतो." ती हसत हसत टोपलीच खाली ठेवून बसली. सकाळी बर्फाचं पाणी झालेलं नि कोबी हिरवाच. आठ दिवसांनी थंडी आपली आपण पडली, पानांच्या मध्ये जांभळं दिसायला लागलं, नि मास्तर सगळ्यांना सांगत, "बघा, मी बोलावलं म्हणून आली."

पण हे हसण्यावारी न्यायचं वर्ष नव्हतं. दिवाळीत त्यांची मुलगी आलेली, तेव्हा मी मागे भांडी घासत होती नि मला सगळं ऐकू आलं. ताई बोलल्या, "बाबा, मागच्या वर्षी अळीनं अर्धं खाल्लं, कुंड्या घ्यायला आलेल्या तलासरीच्या शेठनं टेम्पो रिकामा परत नेला. तुमचा गुडघा असा. यंदा शेवटचं. यंदापण खाल्लं तर जागा नेटवाल्यांना देऊ, ते मागतायत, नि तुम्ही माझ्याकडे चला." माझ्या हातातली कढई तशीच राहिली. नेटवाले. म्हणजे इथेपण मिरची, पंप, नि माझी पोरगी परत बाहेर बांबूला. नायतर मी घरी. एवढंच होतं माझ्याकडे, हा अर्धा एकर जिथे ती रांगत होती, माती खात होती, नि मला श्वास घेता येत होता.

त्या दिवसापासनं मी अळीच्या मागे लागली. रात्रीपण डोळ्यासमोर पानंच. नि थंडी पडल्यावर मला पानांच्या मागे एक नवीन दिसायला लागलं, तांदळाच्या कणीएवढं, कापसासारखं पांढरं, चिकटलेलं. एक, मग दहा, मग सगळीकडे. मला वाटलं अंडी. एवढी अंडी फुटली तर काय राहणार? मी नखानं खरवडून काढली, एकेक, ओळीमागून ओळ, पाच दिवस. मास्तरांना सांगितलंपण नाय, त्यांना कशाला घोर. त्यांना दिसलंपण नाय, कारण चष्मा कायम खिशात, डोळ्यावर कधीतरीच. मी नंबर द्यायची, ते बोलायचे शाब्बास.

नि अळ्या वाढल्या. मी एवढं करून वाढल्या. शेवटच्या ओळीत तर खिडक्याच खिडक्या. शेठ यायला तीन आठवडे.

मी घरी रडली. नवरा बोलला, "वेडी आहेस. थोडं देतो आणून, एकदा मार, दोन दिवसांत साफ. म्हाताऱ्याला कोण सांगतंय." तो वाईट माणूस नाय. त्यानं चांगल्यासाठीच आणलं, पाण्याच्या बाटलीत.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताना गेली. पोरीला गेटजवळच्या जांभळाला जुन्या साडीनं कंबरेला बांधली, हातात बिस्कीट दिलं. तोंडाला फडकं बांधलं, फवाऱ्याच्या बाटलीत भरलं नि शेवटच्या ओळीवर मारलं. तोच वास. नेटमधला. तरी मारलं. पुढच्या ओळीला वळणार तर मास्तरांच्या खोलीचं दार वाजलं. मी बाटली कुंडीमागे टाकली, फडकं सोडलं.

"इन्स्पेक्टर आज गेटवर कशा?" मास्तर लांबनंच बोलले, हसत. "सस्पेंड केलं का बाई तुम्ही त्यांना?"

नि चालत शेवटच्या ओळीकडेच आले. रोज कुठे कुठे जायचे, त्या दिवशी तिकडेच. थांबले. मान वळवली. हात घातला. पान तुटल्याचा आवाज आला मला. त्यांचा हात तोंडाकडे चाललेला दिसतोय, नि मग मी एवढ्या जोरात ओरडली की तिकडे पोरगी रडायला लागली.

"खाऊ नका! खाऊ नका, मास्तर, मी मारलंय!"

त्यांनी खिशातनं चष्मा काढून डोळ्यावर लावला. पान बघितलं, ओलं. वास घेतला. मग मान वळवून गेटकडे बघितलं, जांभळाकडे.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते बोलले. "पोरीला लांब बांधलंत म्हणजे माहीत होतं."

एवढंच कडक बोलले ते मला. मी खालीच बसली.

"किती कुंड्या? नंबर द्या."

"बारा."

"नक्की?"

"नक्की. पोरीची शपथ."

"शपथ नको. बारा." त्यांनी पान खाली ठेवलं. "उठा. आधी हात धुवा, कोपरापर्यंत, साबणानं, तीनदा. तोंडपण धुवा. कपडे बदलल्याशिवाय पोरीला घेऊ नका. माझा धुतलेला लेंगा-सदरा आहे, तो घाला."

मी मास्तरांचा लेंगा घालून आली, आणि कुणी बघितलं असतं तर काय, पण तेव्हा मला त्याचंपण भान नव्हतं. मास्तरांनी हातात पिशव्या बांधून त्या बारा कुंड्या स्वतः उचलल्या, दुखऱ्या गुडघ्यानं, एकेक, नि कुंपणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. जवळ लाल झेंडी रोवली, खरी रेल्वेची. बाटली माझ्या नवऱ्याकडे परत पाठवली, निरोप देऊन, की असलं घरात आणू नये, पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाय, पोरगी पिईल.

मी बोलली, "मला काढून टाका."

मास्तर बांधावर बसले, गुडघा चोळत. "रेल्वेत चुकीचा सिग्नल दिला तर काढतात, हो. पण ज्यानं ओरडून गाडी थांबवली, त्याला मी तरी कधी काढलं नाही."

ते तसं बोलले नि मला सगळंच बाहेर काढावंसं वाटलं. मी बोलली, "मी एवढं केलं मास्तर, अंडीपण काढली सगळी, तरी वाढल्या."

"कुठली अंडी?"

"ती पांढरी. कणीसारखी."

ते उठलेच. "पानामागे? कापसासारखी? एकेकटी?"

"हो. पाच दिवस काढतेय."

मास्तरांनी दोन्ही हात टकलावर ठेवले. "अहो बाई! तुम्ही माझा सगळा स्टाफ मारलात की!"

मग त्यांनी समजावलं, नि मला आजपण ते सांगताना अंगावर काटा येतो. अळीची अंडी एवढी बारीक असतात की आपल्याला नीट दिसतपण नाय. ही पांढरी म्हणजे कोश. एक काळी माशी असते, मुंगीला पंख फुटल्यासारखी, ती अळीच्या अंगात अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला आतनं खातं, बाहेर येतं नि तिथेच पानावर हे कापसाचं घर बांधून झोपतं. जेवढ्या कण्या तेवढ्या अळ्या मेलेल्या. नि प्रत्येक कणीतनं एक माशी निघणार, पुढच्या अळ्यांवर बसायला. औषध मारणाऱ्यांकडे ती राहतच नाय. "मी दोन वर्षं वाट बघतोय त्यांची," मास्तर बोलले. "यंदा आल्या नि तुम्ही नखानं..." मग एकदम थांबले. "मोहरीला हात लावलात?"

"नाय. तुम्हीच बोललेले ना, लूप लाईन."

मास्तर पळाले. खरंच पळाले, लंगडत, मी मागनं लेंगा धरून. मोहरीचं पान उलटं केलं. पांढऱ्या कण्या. दुसरं पान. कण्या. सगळी मोहरी भरलेली. मास्तर तिथेच मातीत बसले नि मोहरीला बोलले, "वा गं माझ्या बाई." मला नाय, मोहरीला.

त्यांनी एक पान लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, वर फडकं बांधलं. पोरगी दोन दिवस त्या बरणीपुढनं हलली नाय. तिसऱ्या दिवशी आत काळे ठिपके उडत होते. मी नाक काचेला लावून बघितले. एवढ्याशा जिवाला मी नखानं मारत होती, नि ज्याला घाबरायला पाहिजे ते मी स्वतः हातानं आणलेलं.

मग आम्ही मोहरीची कणीवाली पानं काढून दोऱ्यानं कुंड्यांच्या मध्ये बांधली, सगळ्या ओळींत. बाकी अळ्या हातानं, सकाळ-संध्याकाळ, साबणाचं पाणी. मास्तरांनी चष्मा डोळ्यावरनं उतरवला नाय परत. पहिला आठवडा काय फरक नाय. मी मास्तरांकडे बघायची, ते बोलायचे, "घाई नको, गाडी सुटलीय तिकडनं." दुसऱ्या आठवड्यात कुंड्यांच्या पानांवर नवीन कण्या दिसल्या. आपल्या आपण आलेल्या. मी टोकाला उभी राहून नंबर द्यायचा तर रडायलाच लागली, मास्तर बोलले, "हा नंबर मला माहीत नाही, परत द्या."

शेठ आला त्या दिवशी ताईपण आल्या, मुद्दाम. शेठ टेम्पोतनं उतरतानाच बोलला, "मास्तर, काणांवाळुं पान नय चाले हां, आ वखते पण." म्हणजे भोकाचं पान यंदापण चालणार नाय. तो ओळीत शिरला, मी पोरीला घट्ट धरून उभी. त्यानं एक कुंडी उचलली, फिरवली. खालच्या चार पानांना जुन्या खिडक्या होत्या. त्यानं ती चार पानं कचकन तोडून टाकली. आत सगळा जांभळा, कोरा, कडेला झालर. "बेन," तो मला बोलला, "आ तो गुलाब छे." सगळ्या नाय घेतल्या त्यानं, चाळीसेक बाजूला काढल्या. पण टेम्पो भरला.

ताई बोलल्या, "बाबा, पण तुमचा गुडघा."

"गुडघा येईल वापीला," मास्तर बोलले. "जागा नाही येणार."

"मग इथे कोण बघणार?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. मी मागे वळून बघितलं, कुणी दुसरं उभं आहे का. ताईंनी मला वरनं खालपर्यंत बघितलं, मग पोरीला, तिच्या तोंडात माती. "ही? बाबा, हिनं तर औषध मारलेलं, तुम्हीच फोनवर सांगितलंत."

"म्हणून तर हीच. ही परत मारणार नाही. दुसऱ्या कुणाची मी खात्री देऊ शकत नाही."

ताईंनी एक वर्ष दिलं. आता तिसरं चालू आहे. मास्तर वापीला गॅलरीत बसून दोन कुंड्यांना त्रास देतात नि रोज सकाळी फोन करतात, पिकाचं विचारायच्या आधी नंबर मागतात. मी अजून घाबरते, विहिरीला, कुत्र्याला. पोरगी बालवाडीत जायला लागलीय, तर त्या रस्त्यालापण.

परवा रोपं कुंड्यांत लावत होती, तर कुंपणाबाहेर एक पोर उभी. नेटमध्ये कामाला जाणारी, चिखले गावाकडची, सतरा-अठराची असेल, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ, फडक्यात गच्च गुंडाळलेलं, एवढ्या उकाड्यात. आत येईना. विचारलं, काय गं? तर इकडे तिकडे बघून हळू बोलली, "ताई, इथे औषध मारत नाय ना?"

मी बोलली, "नाय. ये आत. बाळ ठेव खाली."

ती आली. खूप वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याजवळ बसली, फडकं सोडलं नि बाळ मातीत ठेवलं. ते पालथं झालं, मान वर केली नि सरळ कुंड्यांकडे सरपटत निघालं, आणि आम्हा दोघींपैकी कुणीच त्याला धरायला उठली नाय.